पहिला दात, पहिली भेट: नंदगड परिसरातील बालदंतसेवेचा इतिहास

लहान मुलाला दातांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा केव्हा न्यावे, या प्रश्नाला आजचे दंतवैद्यक एकच उत्तर देते: पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. हे उत्तर जेमतेम चाळीस वर्षांपूर्वीचे आहे. त्याआधी तीन वर्षांचे वय सांगितले जाई, त्याच्याही आधी शाळेचे वय. त्यापूर्वी तर दात ठणकल्याशिवाय मुलाचे तोंड उघडून पाहण्याची पद्धतच नव्हती. वयाचा हा आकडा खाली येत गेला त्यामागे साखर स्वस्त होणे, दात किडण्याचे कारण उलगडणे आणि दातांचे शिकलेले डॉक्टर खेड्यांच्या जवळ येणे अशा तीन गोष्टी आहेत. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, नंदगडसारख्या मराठी बोलणाऱ्या सीमाभागातील गावाच्या परिसरात, हे तिन्ही बदल क्रमाने पाहता येतात.

नंदगडची पेठ

नंदगड बेळगावच्या दक्षिणेला सुमारे 35 किलोमीटरवर आणि खानापुरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कित्तूरच्या मल्लसर्ज देसाईंनी ही पेठ वसवली. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 साली इथेच फाशी देण्यात आले आणि त्यांची समाधीही याच गावात आहे. ही ओळख सर्वदूर पोहोचली असली तरी गावाचा पोटापाण्याचा आधार व्यापार हाच होता. गोव्याहून घाट चढून सुपारी, नारळ, खोबरेल, खजूर, मसाले आणि मीठ नंदगडला येत आणि देशावरचा गहू व इतर धान्य खाली जाई.

या मालाच्या यादीत त्या काळच्या तोंडाच्या आरोग्याचा बराचसा हिशेब सापडतो. मीठ दात घासायला आणि सुजलेल्या हिरडीवर गुळण्या करायला लागे. खोबरेल हिरडीला चोळले जाई. सुपारी मोठ्यांच्या पानात पडे. खजूर आणि गूळ हा लहानांचा गोडवा असला, तरी तो सणावाराचा किंवा जेवणातला गोडवा होता. जोंधळ्याची भाकरी किंवा भात, आमटी, ताक असे रोजचे खाणे असलेल्या घरात तान्ह्या मुलाच्या तोंडी दिवसातून पाच-सहा वेळा साखर जाण्याची शक्यताच नव्हती. 1880 च्या दशकात रेल्वे झाली ती खानापूर आणि लोंढ्यावरून गेली. नंदगड लोहमार्गापासून बाजूला राहिले, पण रेल्वेने येणारा कारखान्यातला माल हळूहळू गावच्या दुकानांतही पोहोचला.

दात येणे: शास्त्र आणि रूढी

मुलाला दात येण्याकडे भारतीय वैद्यकाने फार पूर्वीपासून लक्ष दिले आहे. बालरोगांवरील काश्यपसंहितेत दंतजन्मावर स्वतंत्र अध्याय आहे. कोणत्या महिन्यात आलेले दात कसे निघतात याची त्यात चर्चा आहे. फार लवकर आलेले दात दुर्बळ असतात, आठव्या महिन्यात आलेले सर्वांत चांगले, असे तिथे सांगितले आहे. मुलींना दात येताना त्रास कमी होतो, असेही त्यात म्हटले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात येण्याच्या काळात होणारे ताप, जुलाब, खोकला, उलटी हे विकार सांगून एक शहाणपणाची सूचना केली आहे: दात आला की हे त्रास आपोआप शमतात, त्यामुळे या काळात बाळाला औषधोपचारांनी फार जखडून टाकू नये.

घरच्या रूढीही दात येण्याशी जोडलेल्या आहेत. सहाव्या महिन्यात उष्टावण होते आणि बाळाच्या जिभेला खीर लागते. खालचे पुढचे दोन दात साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान येतात. वरचे दात आधी आले तर ते मामाला चांगले नाही, असा समज मराठी घरांत आहे. पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर फेकायचा किंवा तुळशीत पुरायचा, म्हणजे नवा दात चांगला येतो, असे मानतात. बाळ चिडचिडे झाले की सहाणेवर बाळगुटी उगाळली जाई: वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, बदाम, खारीक यांचे मोजके वेढे. हिरड्यांसाठी डिकेमालीचा डिंक वापरत. डिकेमालीची झुडपे दख्खन आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातलीच असल्याने ती गावच्या काष्टौषधींच्या दुकानात सहज मिळे.

यांतले सारेच निरुपद्रवी नव्हते. टाकणखार मधात कालवून बाळाच्या हिरड्यांना लावण्याची चाल अनेक घरांत होती. टाकणखार तान्ह्या मुलाला विषारी ठरू शकतो आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणे धोक्याचे आहे, हे आता पक्के माहीत झाले आहे. मुंबईच्या कामकरी वस्त्यांत तान्ह्यांना झोपवण्यासाठी अफू घातलेली बाळागोळी दिली जाई. युरोपातही याच काळात अफूयुक्त पाक बाळांना पाजत, आणि दात लवकर बाहेर यावा म्हणून डॉक्टर हिरडीला चीर देत. दात येणे हाच आजार आहे ही समजूत दोन्हीकडे होती. तिचा तोटा असा झाला की जुलाबाने किंवा तापाने खरोखर आजारी पडलेल्या मुलालाही ‘दात येताहेत’ म्हणून घरीच ठेवले जाई.

दात येण्याकडे इतके बारीक लक्ष असताना, आलेला दात टिकवण्याकडे मात्र घराचे लक्ष नसे. दुधाचे दात पडायचेच आहेत, मग त्यांची काळजी कशाला, हा विचार त्यामागे होता. पुढे बालदंतसेवेला सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच विचाराशी.

राखुंडी, दातवण आणि मशेरी

दात घासण्याची सवय घरोघरी होती, पण ती मुलाला स्वतःच्या हाताने घासता येऊ लागल्यावर सुरू होई. बाभूळ, कडुनिंब, करंज यांच्या काड्या, गोवऱ्यांची राख चाळून केलेली राखुंडी, मीठ आणि कोळशाची पूड ही साधने होती. राखुंडी दात पांढरे करते, पण तिचे खरखरीत कण दातांचे वरचे आवरण झिजवतात. विसाव्या शतकात बाजारची पावडर आली. माकडछाप काळी टूथपावडर खेड्यापाड्यांत पोहोचली. 1952 साली मुंबईत केशव विष्णू पेंढरकरांनी विको कंपनी सुरू केली आणि तिची वज्रदंती मराठी घरांत रुळली. कोलगेट 1937 पासून भारतात आहे. मात्र ब्रश आणि पेस्ट ही वर्षानुवर्षे मोठ्यांची वस्तू राहिली. दोन वर्षांच्या मुलासाठी वेगळा मऊ ब्रश घ्यायचा असतो, ही कल्पना अगदी अलीकडची.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, निपाणीच्या काळ्या जमिनीत, विडीच्या तंबाखूचे मोठे पीक निघते. तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजायची, वाटून पूड करायची आणि बोटाने दातांना व हिरड्यांना चोळायची, ही मशेरी सीमाभागात, कोल्हापुरात आणि कोकणात सर्वत्र चालत आली. ती दात स्वच्छ करते या समजुतीने सुरुवात होई आणि काही दिवसांत तिचे व्यसन जडे. आई-आजीजवळ बसलेले मूल त्याच डबीत बोट घालून शिके. 30 एप्रिल 1992 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरीत तंबाखू वापरण्यास बंदी घातली, आणि 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा ठरले. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला हे दोन्ही कायदे पोहोचत नाहीत. बाळाच्या दातांसाठी आलेल्या आईच्या मशेरीची चौकशी करणे हा या भागात पहिल्या भेटीचाच भाग ठरतो, तो यामुळे.

दात काढणारे

दुखणारा दात काढण्यासाठी गावात न्हावी असे, बाजाराच्या दिवशी वैदू येई. सुश्रुतसंहितेत कृमिदंत नावाचा विकार वर्णिलेला आहे आणि दातात किडे असतात हा समज बॅबिलोनपासून युरोपपर्यंत सर्वत्र होता. त्यावरचा लोकप्रिय इलाज म्हणजे धुरी. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकत, वर पालथे भांडे किंवा नळी धरून धूर दुखऱ्या दातापर्यंत नेत. काही वेळाने तोंडातून गळालेल्या लाळेत पांढरे बारीक तुकडे दाखवून ‘किडे पडले’ असे सांगितले जाई. युरोपात हाच प्रयोग खुरासनी ओव्याच्या बियांनी होत असे आणि उष्णतेने फुटलेल्या बियांतले अंकुर किड्यांसारखे दिसतात, हे तिथे पुढे उघड झाले. धुरीने थोडा वेळ ठणका कमी होई. दातातला खड्डा मात्र वाढतच राही.

शहरांत विसाव्या शतकात नवे लोक या धंद्यात आले. मुंबई-कोलकात्यात चिनी दंतवैद्यांची घराणी होती. रस्त्याच्या कडेला कवळ्या मांडून बसणारेही होते. शिक्षण घेतलेला डॉक्टर दुर्मीळ होता. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कोलकात्यात भारतातले पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय 1933 मध्ये आणि सरकारी दंतमहाविद्यालय 1945 मध्ये आले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे नंदगडच्या लोकांना शिकलेला दंतवैद्य म्हणजे मुंबईहून शिकून आलेला माणूस. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा पदवीधरांची संख्या इतकी कमी होती की पदवी नसलेल्या, पण आधीची किमान पाच वर्षे हाच धंदा करून पोट भरणाऱ्यांसाठी नोंदवहीत ‘ब’ भाग ठेवावा लागला. अशा परिस्थितीत वर्षाच्या मुलाला दाखवायला न्यायचे म्हटले तरी दाखवायचे कोणाला, हा प्रश्न होता.

साखर, जंतू आणि दुधाची बाटली

दात का किडतो याचे आधुनिक उत्तर विलोबी डेटन मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिनमध्ये संशोधन करून 1890 च्या सुमारास दिले. तोंडातले जंतू पिष्टमय आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण विरघळवते, असा त्याचा सिद्धान्त होता. स्वीडनमधील व्हिपेहोल्म संस्थेत 1945 पासून झालेल्या प्रयोगांनी त्यात महत्त्वाची भर घातली: किती साखर खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा, जेवणांच्या मध्ये आणि दाताला चिकटून राहील अशी खाल्ली, याने कीड वाढते. मतिमंद रुग्णांना संमतीशिवाय चिकट टॉफ्या खायला घालून हे ज्ञान मिळवले गेले, आणि त्या अन्यायाची नोंद वैद्यकाच्या इतिहासात कायमची राहिली आहे. 1960 मध्ये पॉल कीझ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून कीड एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते हे दाखवले. बाळ जन्मते तेव्हा कीड करणारे हे जंतू त्याच्या तोंडात नसतात. बहुतेक वेळा ते आईच्या किंवा सांभाळणाऱ्या माणसाच्या लाळेतून, एका चमच्याने भरवताना, घास चावून देताना पोहोचतात. त्यामुळे बाळाच्या दातांची काळजी आईच्या तोंडापासून सुरू होते.

साखरेचा पुरवठा याच काळात गावागावांत वाढला. जिल्ह्यातल्या उगार खुर्दचा साखर कारखाना 1939 पासूनचा आहे आणि पुढे बेळगाव जिल्हा कर्नाटकातल्या प्रमुख ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक बनला. पार्लेने 1929 साली विलेपार्ल्यात गोळ्या-चॉकलेटांनी सुरुवात करून 1939 मध्ये बिस्किटे काढली. वालचंद हिराचंद यांच्या रावळगावच्या कारखान्याच्या गोळ्या मराठी मुलांच्या खिशात आल्या. चहात बुडवलेले बिस्कीट हा सीमाभागातल्या लहान मुलाचा सकाळचा आणि संध्याकाळचा खाऊ झाला. खजूर वर्षातून कधीतरी मिळत असे, बिस्किटाचा पुडा मात्र रोज घरात असतो.

तान्ह्यांच्या बाबतीत दुधाची बाटली आली. अमेरिकेतील एलियास फास यांनी 1962 मध्ये एका विशिष्ट किडीचे वर्णन केले: गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे चार दात आधी किडतात, खालचे मात्र जीभ आणि लाळेमुळे बचावतात. झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवर साचलेले दूध रात्रभर तिथेच राहते. बाटलीऐवजी साखर घातलेले दूध वाटी-चमच्याने झोपेच्या तोंडावर पाजले, गोड गुटीत बुडवलेली चोखणी तोंडात ठेवली, तरी परिणाम तोच होतो. शिशुदुग्धपर्याय आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर भारतात 1992 च्या कायद्याने बंधन आले.

या किडीची सुरुवात ओळखता येते. वरचा ओठ बोटाने अलगद उचलला की हिरडीलगत दातांवर खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसते. दात पुसून कोरडा केला की ती जास्त ठळक होते. या टप्प्यावर फ्लोराइडने आणि खाण्यातल्या बदलाने कीड थांबू शकते, दात पुन्हा कठीण होऊ शकतो. काही महिन्यांत हीच रेघ पिवळी, मग तपकिरी होते आणि दात कडेने तुटू लागतो. दुधाच्या दाताचे आवरण पक्क्या दातापेक्षा पातळ असल्याने आतल्या नसेपर्यंत पोहोचायला किडीला वेळ लागत नाही. तीन वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेले तर पांढरी रेघ पाहण्याची संधी केव्हाच गेलेली असते.

वय खाली कसे आले

बालदंतसेवेची संघटित सुरुवात शाळेत झाली. जर्मन अमलाखालच्या स्ट्रासबुर्गमध्ये एर्न्स्ट येसेन यांनी 1902 साली शाळकरी मुलांसाठी दंतदवाखाना काढला. न्यूझीलंडने 1921 पासून शाळांसाठी खास दंतपरिचारिका शिकवून तयार केल्या. सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांचे सडलेले दात पाहून अनेक सरकारे जागी झाली होती. शाळा हे मुले एका ठिकाणी मिळण्याचे सोयीचे ठिकाण होते, पण सहाव्या वर्षी शाळेत आलेल्या मुलाचे दुधाचे दात तोवर किडून गेलेले असत.

मग तीन वर्षांचे वय पुढे आले. विसाही दुधाचे दात अडीच ते तीन वर्षांपर्यंत येतात आणि या वयाचे मूल खुर्चीत बसून सांगितलेले ऐकते, अशी दोन कारणे दिली जात. दुसरे कारण डॉक्टरच्या सोयीचे होते. बाटलीमुळे होणाऱ्या किडीचा अभ्यास वाढला तसे हे वयही उशिराचे ठरले. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या अकादमीने 1986 च्या सुमारास पहिल्या वाढदिवसाची मर्यादा जाहीर केली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2003 मध्ये या भूमिकेला पाठबळ दिले. ब्रिटनमध्ये 2017 साली ‘वर्षाच्या आत दंततपासणी’ अशी मोहीम निघाली. बालदंतवैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2019 च्या बँकॉक जाहीरनाम्यानेही पहिल्या वर्षातील प्रतिबंधावर भर दिला. भारतात या शाखेची संघटना 1979 साली स्थापन झाली आणि इथेही आता पहिला वाढदिवस हीच मर्यादा शिकवली जाते.

भारतीय दंतपरिषदेने 2002-03 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी 51.9 टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. शाळेचा पहिला दिवस उजाडण्याआधी देशातल्या अर्ध्या मुलांच्या दातांना कीड लागलेली असते, असा याचा अर्थ.

दातांचे डॉक्टर जवळ येतात

1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. बंगळूरचे सरकारी दंतमहाविद्यालय 1958 चे, पण नंदगडहून बंगळूर मुंबईइतकेच दूर. वीस-पंचवीस वर्षे परिस्थिती फारशी हलली नाही. मग 1980 च्या दशकात नंदगडच्या तिन्ही बाजूंना एकामागून एक दंतमहाविद्यालये उभी राहिली: 1980 मध्ये गोव्यात, 1985 मध्ये बेळगावात आणि 1986 मध्ये धारवाडात.

बेळगावचे महाविद्यालय केएलई संस्थेचे. सात शिक्षकांनी 1916 साली सुरू केलेल्या या संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून होते. दंतविज्ञान संस्थेने त्याला जोड मिळाली. पुढे मराठा मंडळाने नाथाजीराव हलगेकर यांच्या नावाने बेळगावात दुसरे दंतमहाविद्यालय काढले. सीमाभागातल्या मराठी समाजाच्या शिक्षणसंस्थेचे हे महाविद्यालय असल्याने खानापूर-नंदगडच्या पालकांना आपल्या भाषेत दुखणे सांगता येईल अशी जागा शहरात झाली. महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात उपचार कमी खर्चात होतात, विद्यार्थ्यांना शिबिरांसाठी खेड्यांत जावे लागते आणि बालदंतवैद्यकाचा स्वतंत्र विभाग असतो. गावात येणारे पांढऱ्या कोटातले तरुण विद्यार्थी आणि त्यांच्या हातातला मोठा प्लास्टिकचा जबडा व ब्रश हीच अनेक मुलांची दंतवैद्यकाशी पहिली ओळख.

अंतराचा प्रश्न तरीही संपलेला नाही. नंदगडहून बेळगावला जाऊन यायला आईचा रोजगाराचा दिवस मोडतो. तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी आणि भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांना तर पावसाळ्यात खानापूरही लांब पडते. दुखत नसलेल्या दातांसाठी एवढा खटाटोप करणे अशा घरांना परवडत नाही, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पहिल्या भेटीत काय होते

वर्षाच्या बाळाच्या पहिल्या भेटीला मोठी खुर्ची, दिवा किंवा यंत्र लागत नाही. आई आणि डॉक्टर साध्या खुर्च्यांवर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे टेकवून बसतात. बाळाचे तोंड आईकडे, पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग त्याला हळूच मागे झोपवून डोके डॉक्टरच्या मांडीवर घेतले जाते. बाळाचे हात आई धरते आणि सारा वेळ त्याला आईचा चेहरा दिसत राहतो. ओठ उचलून हिरडीलगतची रेघ, दातांमधल्या फटी, टाळू, जीभ पाहिली जाते. बहुतेक बाळे रडतात. रडताना तोंड उघडे राहत असल्याने तपासणी उलट सोपी होते, आणि ती दोन-तीन मिनिटांत संपते.

उरलेला वेळ बोलण्यात जातो. रात्री बाळ काय पिते, गुटी कशात देतात, बिस्कीट दिवसातून किती वेळा, घरात मशेरी कोण लावते, आईचा स्वतःचा कोणता दात दुखतो, हे विचारले जाते. पहिला दात आल्यापासून मऊ ब्रशने किंवा ओल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून दोनदा मोठ्यांनीच दात घासायचे. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइड पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सहा-सात वर्षांपर्यंत मुलाने घासले तरी शेवटचा हात मोठ्यांचा असावा. रात्री दात घासल्यानंतर पाण्याशिवाय काही द्यायचे नाही. उत्तर कर्नाटकातील काही भागांत विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असते आणि त्याने दातांवर डाग पडतात, म्हणून बाळ कुठले पाणी पिते हेही पाहिले जाते.

पांढरी रेघ दिसली तर फ्लोराइडचा वार्निश दातांवर लावतात. खड्डा पडलेला असला तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाच्या द्रावाचा थेंब कीड थांबवतो. जपानमध्ये हे औषध 1970 पासून वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. किडलेला भाग त्याने काळा पडतो, ही त्याची एकमेव मोठी तक्रार. पण त्यासाठी ना यंत्र लागते ना भूल, त्यामुळे खेड्यातल्या दवाखान्याला ते विशेष उपयोगाचे आहे.

दुधाचे दात पडायचेच आहेत, या समजुतीचे उत्तरही याच भेटीत द्यायचे असते. पुढचे दात सहा-सात वर्षांपर्यंत आणि दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तेवढा काळ मूल त्यांनीच चावते, त्यांच्या आधाराने बोलायला शिकते आणि येणाऱ्या पक्क्या दातांची जागा तेच धरून ठेवतात. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो. किडलेल्या दाढेने ठणकणारे मूल नीट जेवत नाही, झोपत नाही आणि वाढीत मागे पडते.

लस आणि दात

निरोगी बाळाला डॉक्टरकडे न्यायचे असते, ही कल्पना या जिल्ह्याला नवीन नाही. देवीच्या लसीसाठी बेळगावात 1904 साली लसनिर्मितीची संस्था स्थापन झाली होती. देवी टोचून घेण्यासाठी पालकांनी धडधाकट मूल पुढे करावे, हे पटवायला तेव्हाही कष्ट पडले; दोन-तीन पिढ्यांत ते सवयीचे झाले. 1985 च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने ही सवय घरोघरी पक्की केली. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि तिचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत दिला जातो. पहिल्या दातांची तपासणी ज्या वयात व्हायला हवी, नेमके तेच पहिल्या डोसचे वय आहे.

यंत्रणाही तयार आहे. 1975 पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी गावोगाव आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांच्या विकारांचा समावेश आहे, आणि त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करतात. 2014-15 पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. लस टोचायला बसलेल्या परिचारिकेने बाळाचा वरचा ओठ उचलून पाहिला, रेघ दिसलेल्या बाळांनाच खानापूरला किंवा बेळगावला पाठवले आणि बाकीच्यांच्या आईला घासण्याची रीत दाखवली, तर प्रत्येक घराने शहर गाठण्याची गरज उरत नाही. पहिल्या भेटीसाठी दंतवैद्यच हवा असे नाही. प्रशिक्षित नजर हवी आणि ती वेळेवर पडायला हवी.

नंदगडसारख्या गावासाठी या इतिहासातून निघणारा नियम मोजका आहे. उष्टावणाच्या सुमारास आईने स्वतःचे दात तपासून घ्यावेत. पहिला दात दिसला की घासायला सुरुवात करावी. गोवराच्या पहिल्या लसीच्या वेळी आणि काही झाले तरी पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचे दात शिकलेल्या माणसाला दाखवावेत. त्यानंतर साधारण दर सहा महिन्यांनी, आणि पांढरी रेघ, तपकिरी डाग, पडल्याने तुटलेला दात किंवा हिरडीवर फोड दिसला तर वाट न पाहता लगेच.